गोडं न केलेलं लाकूड

नवं टेबल जुनं दिसावं म्हणून माणसं जिवाचा आटापिटा करतात, हे मला माझ्या मुलीनं शिकवलं. करिश्मा एका ऑफिसात नोकरीला आहे आणि उरलेला वेळ ती मोबाइलमध्ये राहते. एके दिवशी तिनं बापाला एक व्हिडिओ दाखवला. कुठलासा दाढीवाला परदेशी माणूस पडक्या गोठ्याच्या फळ्या जोडून जेवणाचं टेबल करत होता. खिळ्यांची भोकं तशीच, चिरा तशाच, कडा वेड्यावाकड्या. वरून पॉलिशचे दोन हात मारले की झालं. "बाबा, याला रस्टिक म्हणतात," करिश्मा म्हणाली. मी म्हटलं, माझ्या माहेरी याला गरिबी म्हणायचे. दोघं खो खो हसले. मी काही विनोद केला नव्हता.

बाबा म्हणजे माझा नवरा, रघु. मी त्याला नावानंच हाक मारते, कारण नवरा व्हायच्या आधीपासून तो मला माहीत होता. त्याच्या बापाचं खाडीकाठी मिठागर होतं आणि माझा बाप पोपट तिथं रोजावर होता. सोळा वर्षांची होईपर्यंत मीही त्या मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. मला सून करून घेतलं ते रघूच्या आईनं, कलावतीबाईंनी. "पोरगी कामाची हाय," एवढंच म्हणून त्या नारळ घेऊन आमच्या झोपडीत आल्या होत्या. पुढं मिठागर बंद पडलं, मागची भातशेती बिल्डरला गेली, आणि लोक आम्हाला जमीनवाले म्हणायला लागले. जमीन गेल्यावर माणूस जमीनवाला होतो, हे आमच्याकडेच बघावं.

जमीन गेली तसं रघूच्या हाताचं कामही गेलं. बिल्डरकडून मिळालेल्या फ्लॅटच्या भाड्यावर घर चालतं. माणूस सकाळी देवळाच्या कट्ट्यावर, दुपारी टीव्हीसमोर आणि संध्याकाळी पुन्हा कट्ट्यावर. म्हणून त्यानं परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा आणि करवत आणून ठेवली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. पहिली त्यानं तिपाई केली. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही म्हणतात. रघूनं ती डुगडुगवून दाखवली. पण माणूस चिवट. वर्षभरात बाक झाला, चपलांचं कपाट झालं, तुळशीपुढचा पाट झाला. लाकडाला हात लावताना त्याचा चेहरा वेगळाच व्हायचा. तो चेहरा मला आवडायचा, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग माघात कार्ड आलं.

कार्ड भाऊचं होतं. भाऊ म्हणजे रघूचा मोठा भाऊ, पण आता साऱ्या गावाचाच भाऊ. आमच्याच भातशेतीवर माजिवड्याला जो टॉवर उभा राहिला, त्याचा सगळ्यात वरचा मजला भाऊनं स्वतःला ठेवला होता. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. कार्ड घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणाला, "आजीनं सांगितलंय, जोडीनं यायचं."

सहा वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. आई भाऊकडं. रघूला ती भेटायची मंगळवारी गावदेवीच्या देवळात, पाच मिनिटं, तेही ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्यानं अंधुक. रघूला दुसरं काही नको होतं. मरायच्या आधी आईच्या बाजूला बसून जेवायचं होतं, भाऊच्या घरात, भाऊच्या समोर. हे तो बोलायचा नाही, पण दर मंगळवारी देवळातून आल्यावर भाताला हात न लावता उठायचा, तेव्हा मला कळायचं.

आणि हे बोलणं बंद झालं होतं माझ्यामुळं. जमिनीचे कागद व्हायचे होते तेव्हा आम्ही सगळे नौपाड्यात वकिलाच्या ऑफिसात बसलो होतो. पांढरी शुभ्र लादी, एसी, काचेच्या ग्लासातून पाणी. मी एवढंच विचारलं की कुठले फ्लॅट कुणाच्या नावावर, ते एकदा वाचून दाखवा. भाऊनं माझ्या पायांकडं बघितलं. मी चपला दाराशी काढल्या होत्या. माझ्या टाचा भेगाळलेल्या आहेत, त्या जन्मात बुजायच्या नाहीत. भाऊ म्हणाला, "तुझ्या पायांचं मीठ अजून गेला नाय शालू, लादीवर उमटतंय बघ. तू कागद वाचणार?" वकील हसला. वकिलाचा कारकून हसला. पाणी देणारी बाईसुद्धा हसली, आणि तिच्या टाचा माझ्यासारख्याच होत्या.

रघूनं माझा हात धरला आणि सही न करता बाहेर आला. नंतर सही झालीच, घरी कागद पाठवून. पण त्या दिवशी तो उठला होता. सहा वर्षं मी तेवढ्यावर काढली. माझ्यासाठी माणूस सख्ख्या भावासमोरून उठला, असं मी मनाशी घोकायचे. आणि आता एका कार्डावर तो लोण्यासारखा विरघळला.

"आपण टेबल देऊ," तो म्हणाला. डोळे लहान पोरासारखे चमकत होते. "माझ्या हातचं. जेवणाचं. आई, भाऊ, आपण, सगळी एका टेबलावर. आणि लाकूड माहितीय कुठला? उघाडीचा!"

उघाडी म्हणजे मिठागराचं लाकडी दार. भरतीचं पाणी आत घ्यायचं असलं की ते वर उचलायचं, अडवायचं असलं की खाली सोडायचं. आमच्या मिठागराची उघाडी ऐनाच्या लाकडाची होती, हातभर रुंद फळ्यांची. मिठागर बंद पडलं तेव्हा सासऱ्यांनी ती उखडून आणली आणि परसातल्या शेडमध्ये आडवी टाकली. वर पत्रा असल्यामुळं पंचवीस वर्षं तिला पावसाचं पाणी लागलं नव्हतं. फळ्या वरून कोरड्या खडखडीत, करड्या, खिळ्यांच्या जागी काळे डाग. करिश्मानं फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. म्हणे, असं लाकूड विकत मिळत नाही.

माझा बाप लिहायला-वाचायला शिकला नव्हता, पण उघाडीचं लाकूड त्याला कळायचं. चाळीस-पन्नास वर्षं खारं पाणी प्यालेलं लाकूड असतं ते. एकदा उघाडीची एक फळी बदलली, तेव्हा जुन्या तुकड्याचा त्यानं माझ्या आईला पाट करून दिला. पण आधी तो तुकडा दगड बांधून विहिरीत सोडला, अख्खा पावसाळा. याला लाकूड गोडं करणं म्हणायचे. दसऱ्याला बाहेर काढला, उन्हात वाळवला, एक ढलपी काढून जिभेवर ठेवली आणि मग म्हणाला, आता झाला गोडा. तो पाट अजून माझ्याकडं आहे. भाऊ आणि रघु दोघांनाही त्यांच्या बापानं मिठागरात कामाला कधी उतरू दिलं नाही. शाळेत घातलं. त्यामुळं मालकाच्या पोरांना मिठाचं काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळायचं ते मेले. उरल्या होत्या दोघी. माझी सासू, तीही मिठात राबलेली, आणि मी.

रघूनं कामाला सुरुवात केली तेव्हा मला खरंच आठवलं नाही. पंचवीस वर्षं झाली होती; मला वाटलं असेल, सुकलं ते सुकलं. तो दिवसभर शेडमध्ये. आधी गंजके खिळे एकेक करून उपटले. मग मशीन लावून वरचा करडा थर घासला, आणि खालून असा तांबूस रंग निघाला की शेजारच्या बायका बघायला आल्या. तासणीचे जुने घाव मात्र त्यानं तसेच ठेवले. "ते घालवायचे नाय," मला समजावत होता, "तीच तर शोभा." उघाडीच्या दोन खांबांचे पाय केले. खाचा पाडून फळ्या बसवल्या, खालून मोठे स्क्रू मारले. धूळ उडते म्हणून करिश्मानं त्याला मास्क आणून दिला होता. तोंडाला मास्क, केसांत भुसा, आणि गुणगुणणं चालू.

संध्याकाळी शेड झाडायचं काम माझं. मला कुणी मास्क दिला नव्हता.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस असतील. झाडताना धूळ उडाली आणि मी सवयीनं ओठांवरून जीभ फिरवली. खारट. मी थांबले. चिमूटभर भुसा उचलून जिभेवर ठेवला. खारट, अगदी मीठ. एका क्षणात मला माझा बाप दिसला, विहिरीच्या काठावर ढलपी चघळत उभा. लाकडाच्या पोटात मीठ तसंच होतं. वरून कितीही पॉलिश मारलं तरी पावसाळ्यात ते बाहेर येणार होतं. बरणीतलं मीठ आषाढात पाझरतं तसं हे टेबल पाझरणार होतं.

रघु नळावर हात धूत होता. चार पावलांवर. मला एवढंच म्हणायचं होतं, रघु, हे लाकूड गोडं करावं लागेल, एक पावसाळा थांब. तो थांबला असता. हातात नारळ घेऊन वास्तुशांतीला गेला असता आणि टेबल दिवाळीत दिलं असतं.

मी नाही म्हटलं. का, तेही सांगते, लपवाछपवी कशाला. भाऊच्या नव्या घरात पांढरा संगमरवर घातला होता, कार्डाबरोबर त्याचे फोटो आले होते. मला त्या पांढऱ्या लादीवर मीठ उमटलेलं बघायचं होतं. सहा वर्षं माझ्या टाचा मी मोज्यांत लपवल्या होत्या. आणि रघूचाही राग होता. माझ्यासाठी उठलेला माणूस एका कार्डावर पुन्हा जाऊन बसणार होता, मला एका शब्दानं न विचारता. मी भुसा सुपात भरला, उकिरड्यावर टाकला आणि चहा ठेवला.

मार्च-एप्रिल पॉलिशमध्ये गेले. आधी सीलरचे दोन हात, मग पॉलिशचे चार, प्रत्येक हातानंतर बारीक कागदानं घासून. टेबल आरशासारखं नाही, पण पाण्यासारखं दिसायला लागलं; आत बघितलं तर जुने घाव आणि काळे डाग पाण्याखाली असल्यासारखे. मी आजवर इतकी सुंदर वस्तू माणसाच्या हातून झालेली बघितली नाही. रघु विचारायचा, "कसा झाला?" मी म्हणायचे, बरं झालंय.

अक्षय्य तृतीयेला टेबल टेम्पोतून गेलं आणि सामानाच्या लिफ्टनं वर चढलं. भाऊच्या डायनिंग हॉलमध्ये परदेशी काचेचं टेबल मांडलेलं होतं. ते भाऊनं बाजूला काढायला लावलं. उघाडीच्या फळ्यांवरून तळहात फिरवला. "आपली उघाडी," तो म्हणाला. मग भरल्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगायला लागला. "नऊ वर्षांचा होतो मी. भरतीच्या पाण्यात पाय घसरला. या फळीला धरून लटकलेलो. पोपटकाकानं उडी मारली नि केसाला धरून बाहेर काढला मना. ही उघाडी पन पोपटकाकानीच बसवलेली, एकट्यानं." आणि माझ्याकडं वळून आपल्या बायकोला म्हणाला, "पोपटकाकाच्या पोरीला पयलं ताट वाढ."

माझ्या बापानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मालकाच्या पोराला वाचवणं त्याला सांगण्यासारखं वाटलं नसेल. मी भाऊच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं माफी मागितली नाही, कारण त्याला काही आठवतच नव्हतं. वकिलाचं ऑफिस, माझ्या टाचा, ते हसू, काही नाही. सहा वर्षं मी जे उराशी धरून बसले होते ते त्याच्या खिजगणतीतही नव्हतं. आणि ज्या लाकडानं मी त्याचं घर नासवायला निघाले होते, त्याच्यावरचे तासणीचे घाव माझ्या बापाचे होते.

सासूबाईंना धरून टेबलाशी आणलं. त्यांनी दोन्ही हात फळीवर पसरले, नाकानं वास घेतला. रघु पाहुण्यांना खाचा दाखवत होता. सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "लाकूड गोडं केलंस ना गो?"

"हो आई," मी म्हटलं. "केलं."

"तूच केलं असशील. या पोरांना काय ठावं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही भाऊकडं जेवायला जायला लागलो. पहिले आठ रविवार रघूच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. तो आईच्या डाव्या बाजूला बसायचा, बोंबलाचे काटे काढून तिच्या ताटात ठेवायचा. दोघं भाऊ लहानपणच्या मारामाऱ्या आठवून हसायचे. परतताना रिक्षात तो एकदा म्हणाला, "शालू, मी सुखी हाय गो." मी बाहेर माजिवड्याच्या पुलाकडं बघत राहिले. दर रविवारी मी ठरवून निघायचे की आज सांगू, टेबल परत नेऊ, निदान पावसाआधी. आणि दर रविवारी माझ्या ताटात माशाची पहिली तुकडी पडायची आणि तोंड बंद व्हायचं. रागानं गप्प बसणं सोपं असतं. लाजेनं गप्प बसलेला माणूस सुटत नाही.

जूनच्या अखेरीस टेबल चिकट लागायला लागलं. मोठी जाऊ दिवसातून तीनदा पुसायची. जुलैत सांध्यांतून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. पुसलं की खडे हाताला लागायचे. पॉलिश फोडासारखं फुगलं आणि पापुद्रे निघाले. खालचे स्क्रू गंजले आणि गंजाचं खारट पाणी पायांवरून ओघळून संगमरवरावर उतरलं. चार पायांखाली चार पिवळे डाग. कारागीर बोलावून लादी घासून घेतली, तरी डाग गेले नाहीत. मला हवं होतं ते सगळं झालं. मी वाकून पदरानं ते डाग पुसून बघितले.

जावेनं कुणाला तरी विचारलं. तो म्हणाला, घरात आपोआप मीठ येतंय, करणी आहे. भाऊचा करणीवर विश्वास नव्हता, पण त्याला वेगळाच संशय आला. श्रावणातल्या पहिल्या रविवारी फोन आला, येऊ नका. दुपारी टेम्पो आला. दोन माणसांनी टेबल फाटकाबाहेर उतरवलं आणि निघून गेले. वर साधी गोणीही टाकली नव्हती. रघु पावसात त्या टेबलाजवळ कितीतरी वेळ उभा होता.

"माझंच कायतरी चुकलं," तो म्हणाला. "सीलर स्वस्तातला घेतला का काय. भाऊला वाटेल मी मुद्दाम केलं."

दुसऱ्या दिवशी तो एकटा भाऊकडं गेला. मला नेलं नाही. तासाभरात परत आला. पाणी दिलं ते न पिता सांगायला लागला.

"मी भाऊला बोललो, मना नव्हतं माहीत, लाकडात मीठ असतं ते. भाऊ बोलला, तुला नसेल माहीत, तू कधी मिठागरात उतरलास? पन तुझ्या बायकोला माहीत व्हतं. ती पोपटकाकाची पोर. तिनं मुद्दाम केलं." रघूनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. "मी उठलो नि आईजवळ गेलो. आईच्या डोक्यावर हात ठेवला. बोललो, आईची शपथ, शालूला माहीत असतं तर तिनं मना सांगितलं असतं. ती माझ्यापासून काय लपवत नाय. आता बायकोवर बोललास, भाऊ, तर तू माझा भाऊ नाय. नि आलो निघून."

आमच्यात आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. बोलणाऱ्याचं काही होत नाही, आईचं होतं, असं मानतात. मी विचारलं, आई काय म्हणाल्या?

"काय नाय. माझा हात धरून ठेवला, बस."

पुन्हा तो माझ्यासाठी भावासमोरून उठला होता. सहा वर्षं जे मी मनात घोकत होते, ते त्यानं दुसऱ्यांदा केलं, आणि या वेळी मी त्या लायकीची नव्हते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, आधी पाणी पी.

मंगळवारी मी देवळात गेले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, माझी वाट बघत असल्यासारख्या. त्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांच्या बोटांना जोर राहिला नव्हता.

"त्यानं डोक्यावर हात ठेवला तवा मी गप बसले," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर माजा पोरगा बायकोला मुकला असता. भावाला तर मुकलाच. कशाला केलंस गो असा?"

मी त्यांना वकिलाचं ऑफिस सांगितलं. माझ्या टाचा सांगितल्या. त्यांनी साडीचा काठ वर करून आपली पावलं पुढं केली. काळी, भेगाळलेली, माझ्यापेक्षा वाईट. "भाऊ या पायांच्या पोटचाच हाय," त्या म्हणाल्या. "त्याचा मना काय नाय वाटत. तू रघूला सांग. मी जिवंत हाय तवर सांग. म्हंजे ती शपथ माझ्या डोक्यावरनं उतरंल."

मी हो म्हटलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

मी सांगितलं नाही. गणपती झाले, गौरी झाल्या. रोज सकाळी वाटायचं, आज. रघु भाजी चांगली झाली म्हणायचा आणि मी उद्यावर ढकलायचे. नवरात्रातल्या पाचव्या माळेला सासूबाई झोपेत गेल्या. वय झालं होतं, सगळे म्हणाले, सोनं झालं. आम्हाला निरोप गावातून आला, भाऊकडून नाही. रघूला आईचं तोंड स्मशानातच दिसलं. भाऊ दुसऱ्या बाजूला उभा होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलंही नाही. मी लांब बायकांत उभी राहून सासूबाईंच्या पावलांकडं बघत होते. नव्या साडीखालून ती बाहेर आली होती आणि कुणीतरी त्यांच्यावर फुलं वाहिली होती.

दिवाळी आम्ही केली नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी रघूनं टेबल पुन्हा शेडमध्ये घेतलं. "वर्षश्राद्धाच्या आत नीट करतो," तो म्हणाला, "नि भाऊच्या दारात नेऊन ठेवतो. घेवो नाय तर न घेवो. आईची इच्छा होती." त्यानं फुगलेलं पॉलिश खरवडून काढलं, मशीन लावलं, मास्क चढवला. संध्याकाळ झाली, मी झाडू घेऊन आत गेले. पांढरट भुशाचा ढीग पडला होता.

मी झाडायला वाकले तेवढ्यात त्याच्या मास्कची दोरी तुटली. धूळ सरळ तोंडात गेली. तो खोकला, थुंकला, आणि थांबला. ओठांवरून जीभ फिरवली. मग बोट भुशात बुडवून जिभेवर ठेवलं. मशीन बंद केलं.

तो माझ्याकडं बघत होता. माझ्या हातातल्या झाडूकडं, मग मास्क नसलेल्या माझ्या तोंडाकडं. रागाचा लवलेश नव्हता, आणि असता तर बरं झालं असतं.

"फेब्रुवारीतही तूच झाडायचीस," तो म्हणाला.

मी मान हलवली. सांगायचं ते सगळं एवढ्यातच सांगून झालं.

तो बराच वेळ आपल्या उजव्या तळहाताकडं बघत बसला, आईच्या डोक्यावर ठेवलेल्या. मग उठला, नळावर गेला आणि तो हात धुवायला लागला. मी स्वयंपाक केला, ताटं वाढली, हाक मारली. तो अजून हात धूत होता.